‘अबाइड विथ मी’ ओबो आणि पियानोवर बसवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजीच्या पहिल्या स्मृतिदिनाला, डिसेंबरात, वेंगुर्ल्याच्या चर्चमध्ये ‘अबाइड विथ मी’ वाजवायचं आहे. धाकटा भाऊ मुंबईत ओबो (सनईसारखं फुंकून वाजवायचं पाश्चात्त्य वाद्य) शिकतो, पियानोवर तुम्ही. स्तोत्रांच्या पुस्तकातली चार आवाजांची मांडणी घेतलीत, वरची ओळ भावाला दिलीत, खालच्या तीन स्वतःकडे ठेवल्यात. सूर सगळे बरोबर लागतात, पण ‘ऐकायला जीव नाही’, आणि दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर भावाचा चेहरा लालबुंद होतो. आता कोणते कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरमेळ) बदलावेत, आणि हक्कांची काही अडचण येईल का, असं तुम्ही विचारलंय.

कॉर्डना हात लावू नका. विल्यम हेन्री मंकची ही चाल १८६१ मध्ये छापून आली आणि तेव्हापासून लोक तिचे स्वरमेळ ‘सुधारायला’ बघतात. बहुतेक वेळा मूळचंच बरं होतं असं म्हणायची पाळी येते. तुमचं दुखणं निराळं आहे. ही मांडणी शंभर गळ्यांसाठी लिहिलेली आहे. मंडळी गाते तेव्हा कुणी ना कुणी सतत श्वास घेतच असतं. तिसऱ्या बाकावरच्या मावशी ओळीच्या मधेच थांबतात, मागचे काका ओळ संपली तरी सूर सोडत नाहीत, आणि त्या गलक्यात ओळ कुठे तुटली ते कळतही नाही. एकट्या ओबोला हे पांघरूण मिळत नाही. म्हणून माझ्या लेखी ओबोसाठी स्तोत्र बसवणं म्हणजे आधी ओबो कुठे गप्प बसेल हे ठरवणं. तेवढं ठरलं की पियानोने काय करायचं ते आपोआप सुचत जातं.

तुम्ही केलंत तेच मीही केलं होतं. पंचविशीत, रत्नागिरीजवळच्या एका लहानशा चर्चमध्ये, एक पाहुणा ओबोवादक आणि पायपेटीवर मी. तीन कडवी, वरची ओळ त्याला, एकही विराम नाही. तिसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला त्याने वाद्य शांतपणे मांडीवर ठेवलं आणि पुढचं सगळं मी एकट्याने वाजवलं. उपासना संपल्यावर एक आजोबा जवळ येऊन म्हणाले, ‘शेवटचं कडवं फार छान झालं हो.’

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. भाऊ किती वर्षं वाजवतोय, त्याच्या ओबोला डाव्या हाताची एफची चावी आहे का, चर्चमध्ये खरा पियानो आहे की कीबोर्ड, आणि मंडळी सोबत गाणार की नुसतं ऐकणार. मी असं धरून चालतो की भाऊ तीन-चार वर्षं शिकलेला आहे, तीन कडवी वाजवायची आहेत आणि मंडळी फार तर शेवटच्या कडव्याला गाईल. यातलं काही वेगळं असेल तर कुठे काय बदलायचं ते ओघात सांगतो.

आधी चाल नीट बघू. सरगमात लिहिली की तिची हाडं दिसतात. पहिली ओळ: ग ग रे सा प, ध प प म ग. दुसरी: ग म प ध प म, रे ग म प, यातला शेवटचा म तीव्र. तिसरी: ग ग रे सा प, प म म ग रे. चौथी: रे ग म ग रे सा, म ग रे सा. बस, एवढंच. सा ते ध, सहा सुरांत सगळा कारभार. ओबो मधल्या सी च्या खालच्या बी फ्लॅटपासून वर अडीच सप्तकांहून जास्त जातो, आणि आपण त्याला सहा सुरांत बसवतोय. हे वाईट नाही, पण तीन कडवी तेच सहा सूर त्याच जागी वाजले की कान मिटतो. ‘जीव नाही’ असं तुम्हाला वाटतं त्यातलं अर्धं कारण हे.

प्रत्येक ओळ सोळा मात्रांची, आणि तिचा शेवटचा सूर चार मात्रांचा. मिनिटाला बहात्तरच्या लयीत एक ओळ तेरा सेकंदांची होते, आख्खं कडवं त्रेपन्न सेकंदांचं. तेरा सेकंद ओबोवाल्याला काहीच नाहीत. एका दमात तो दोन ओळीसुद्धा काढेल. मग चेहरा लाल का होतो? बहुतेकांची समजूत अशी की फुंकवाद्य म्हणजे हवा संपते. ओबोत उलटं होतं. रीडच्या, म्हणजे ओठांत धरायच्या पत्तीच्या, दोन पात्यांमधली फट इतकी बारीक असते की हवा जेमतेम सुटते. छाती भरलेलीच राहते, पण ती हवा शिळी झालेली असते. नवा श्वास घ्यायचा तर आधी जुना टाकावा लागतो. म्हणजे दोन कामं. घाईत भाऊ फक्त दुसरं करतो, भरलेल्या छातीवर आणखी भरतो, आणि दोन कडव्यांत गुदमरतो.

म्हणून विराम मोजून द्या. पहिल्या ओळीचा शेवटचा सूर चारऐवजी तीन मात्रा धरायचा, चौथ्या मात्रेला फक्त श्वास सोडायचा आणि तसंच पुढे जायचं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी दोनच मात्रा धरायच्या, उरलेल्या दोन मात्रांत सोडणं आणि घेणं दोन्ही. तिसऱ्या ओळीला पुन्हा फक्त सोडणं. हे त्याच्या कागदावर खुणा करून लिहा, त्याच्या मर्जीवर ठेवू नका. त्याच्या गुरुजींना दाखवा, ते मान डोलावतील.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. माझं घर देवळाच्या मागच्या आळीत. जत्रेला सनईवाले यायचे, एक चाल वाजवणारा आणि शेजारी नुसता सूर धरून बसणारा. चाल वाजवणारा थांबला, त्याने पत्ती ओली केली, कुणाशी दोन शब्द बोलला, तरी संगीत थांबलं असं कधी वाटलं नाही, कारण शेजारचा सूर चालूच असायचा. ओबो हा सनईचा लांबचा भाऊच. तेच जोडपातीचं रीड, तीच खाली रुंद होत जाणारी नळी. लहानपणी मला सूर धरणाऱ्याची कीव यायची. स्वतः साथीला बसायला लागल्यावर समजलं की बैठक त्याच्यावर उभी होती. तुम्ही पियानोवर तो दुसरा माणूस आहात. अडचण एवढीच की पियानोचा सूर टिकत नाही, दाबल्या क्षणापासून विरायला लागतो. म्हणून तुम्हाला सूर धरून नाही, हलता ठेवून जागा भरावी लागेल.

याचं एक उदाहरण जवळून दाखवतो, पण त्याआधी पट्टी ठरवू, नाहीतर सुरांची नावं घोळात पडतील.

पुस्तकात हे गीत ई फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे ई फ्लॅट हा सा. गळ्यांना उत्तम. ओबोला त्यात एक खडा आहे. ई फ्लॅट आणि एफ लागोपाठ आले की उजव्या हाताची अनामिका अडचणीत येते: ई फ्लॅटला ती भोक झाकते आणि साध्या एफला तिनेच चावी दाबायची असते. मग एकतर डाव्या करंगळीची एफची चावी लागते, जी शिकाऊ ओबोंवर बऱ्याचदा नसते, नाहीतर फोर्कचा एफ, म्हणजे मधलं बोट उचलून घ्यायचा पर्यायी एफ, जो थोडा कोंदटलेला वाजतो. आणि या चालीत ‘रे सा’ म्हणजे एफ आणि ई फ्लॅट ही जोडी प्रत्येक कडव्यात चार वेळा येते! मोजून बघा. एक सूर वर सरका, एफमध्ये वाजवा. मग ‘रे सा’ होतो जी-एफ, बोटं सरळ पडतात. ध म्हणजे डी, पण तो दर वेळी सी च्या संगतीत येतो, एफच्या शेजारी कधीच नाही. फोर्कची गरज पूर्ण कडव्यात एकदाही पडत नाही. आवाका मधल्या सी च्या वरच्या एफपासून त्याच्या वरच्या डी पर्यंत, म्हणजे ओबो जिथे विनासायास गातो ती जागा. तुमच्या पियानोलाही एफ सोपा. मंडळी शेवटी गाणार असेल तरी डी पर्यंत सगळ्यांचा गळा पोचतो.

आता ते उदाहरण. एफमध्ये दुसरी ओळ संपते सी वर, आणि त्याच्या आधी येतो बी नॅचरल, तो तीव्र मध्यम. क्षणभर सगळं गाणं पंचमाला ‘सा’ मानून बसतं. इथेच ओबोला दोन मात्रा विश्रांती द्यायची असं आपण ठरवलं. त्या दोन मात्रांत पियानोवर डाव्या अंगठ्याने किंवा मधल्या आवाजात फक्त दोन सूर वाजवा: सी, बी फ्लॅट. आणि तिसऱ्या ओळीचा पहिला सूर ए येतोच. काय झालं बघा. तीव्र म पुन्हा शुद्ध झाला, सी चा कॉर्ड त्या बी फ्लॅटमुळे सेव्हन्थ (घराकडे ओढणारा चार सुरांचा कॉर्ड) झाला आणि आपसूक एफकडे वळला, घर परत आलं. ओबो पोटभर श्वास घेऊन तयार. ऐकणाऱ्याला खंड पडला असं वाटत नाही, उलट पियानो काहीतरी बोलला असं वाटतं. दोन सुरांत एवढं काम होतं. अशा जागा कडव्यात तीनच आहेत, ओळींचे शेवट. प्रत्येक जागी दोन-तीन सुरांपेक्षा जास्त लिहू नका. पहिल्या उत्साहात मी तिथे तानांचे झरे सोडायचो, आता लाज वाटते.

(तीव्र मध्यमावरून आठवलं. आपल्या कानाला तो दिसला की यमन खुणावतो. भावाने तिथे एखादी मींड घ्यायची असं तुमच्यापैकी कुणाला तरी वाटणारच. घेऊ नका. तो सूर तिथे पाहुणा म्हणून आलाय, एका मात्रेत निघून जातो.)

पहिल्या कडव्यात पियानोच्या उजव्या हातातून चाल काढून टाका. ओबो वाजवतोय तेच सूर तुम्हीही वाजवलेत की दोघांच्या सुरातला केसाएवढा फरकही ऐकू येतो आणि ओबोचा रंगही मरतो. मंकची बेसची, म्हणजे सगळ्यात खालची, ओळ जशीच्या तशी डाव्या हातात ठेवा, अष्टकात दुप्पट न करता. मधले दोन आवाज उजव्या हातात, शक्यतो ओबोच्या खाली. एवढंच. हे कडवं रिकामं वाटेल, वाटू द्या.

दुसऱ्या कडव्याच्या पहिल्या दोन ओळी ओबोला पूर्ण सुट्टी. सत्तावीस सेकंद. ओठांचे स्नायू मोकळे होतात, रीड ओलं करता येतं. चाल तुम्ही घ्या, पण सप्तकभर खाली, पुरुषाच्या आवाजाच्या जागेत, आणि तिच्यावर-खाली कमीत कमी सूर. तिसऱ्या ओळीपासून ओबो येतो, पण चाल घेऊन नाही. त्याला मूळ मांडणीतली दुसरी ओळ, म्हणजे आल्टो, एक सप्तक वर उचलून द्या. जुनी युक्ती आहे, अजून चालते, कारण ती ओळ स्वरमेळात बसलेलीच असते. एक सावधगिरी. आल्टो वर उचलला की अंतरं उलटतात. जिथे तो चालीच्या खाली मध्यमाच्या अंतरावर होता तिथे आता वर पंचमाच्या अंतरावर येतो. अशी दोन अंतरं लागोपाठ आली तर आवाज पोकळ होतो. तिथे एखादा सूर बदला. डोळ्यांनी शोधत बसू नका, भावाला वाजवायला सांगा, पोकळ जागा लगेच कळते.

तिसरं कडवं मंडळी गाणार असेल तर एफमध्येच राहा, ओबोला चाल द्या, पियानो आता भरगच्च, डाव्या हाताच्या अष्टकांसकट. मंडळी गाणार नसेल तर एक सूर चढून जी मध्ये जा. जाण्याची वाट सोपी आहे: सी चा कॉर्ड एफचा पंचम आहे आणि जी चा मध्यम. एफवर दुसरं कडवं संपवा, सी वर या, डी सेव्हन्थ, मग जी. चार मात्रांचं काम. मात्र ओबोला सप्तकभर वर नेण्याच्या मोहात पडू नका. वरच्या डी ला तो टोचतो, आणि स्मृतिदिनाच्या उपासनेत टोचणं शोभत नाही. खाली नेण्याचाही मोह आवरा. तळाचे सी, बी, बी फ्लॅट हे सूर हळू वाजतच नाहीत, भोंग्यासारखे फुटतात.

भावाच्या कागदावर सुरांखाली शब्द लिहा, इंग्रजी किंवा तुमची मंडळी गाते तो मराठी अनुवाद, जो तो मनात म्हणू शकेल तो. जीभ कुठे लावायची आणि कुठे सूर जोडायचे हे शब्दच सांगतात. बाकी इटालियन खुणांची फारशी गरज नाही.

आता पियानो. कोकणात हा वेगळाच विषय आहे. खाऱ्या हवेने तारा गंजतात, आणि पावसाळ्यात आतली लाकडी फळी दमटपणाने फुगून सूर चढतो, तोही सगळीकडे सारखा नाही, मधल्या भागात जास्त. डिसेंबरात तो उतरलेला असेल. जुन्या पियानोवर तारा तुटतील या भीतीने पियानो लावणारे मुद्दाम खालच्या सुरात लावून जातात. किनाऱ्यावरच्या एका चर्चमध्ये मी ओबोवाल्यासोबत गेलो तर पियानो जवळजवळ अर्धा सूर खाली. ओबो काही उतरत नाही. रीड एखादा मिलिमीटर बाहेर ओढता येतं, त्यापुढे आत पोकळी राहते आणि बाकीचे सूर भांडायला लागतात. शेवटी त्याने एफमध्ये वाजवलं आणि मी सहा शार्पांत, घामाघूम. तुम्ही आठवडाभर आधी जा, फोनवरचं ट्यूनर अ‍ॅप उघडा, मधल्या सी च्या वरचा ए वाजवून ४४० हर्ट्झ येतो का बघा. काटा ठळक सरकलेला दिसला तर भावनेत न पडता कीबोर्ड आणा. खऱ्या पियानोसारख्या जड चाव्यांचा असेल तर उत्तम, पेडल मात्र हवंच. आणि इन्व्हर्टरची सोय विचारून ठेवा, कडव्याच्या मधे लाईट गेली तर ओबो एकटा पडेल.

ओबोबद्दल भावाला दोनच गोष्टी सांगा. मुंबईत नीट वाजणारं रीड वेंगुर्ल्यात तसंच वाजेल याची खात्री नाही, म्हणून तीन रीडं आणू दे आणि दोन दिवस आधी येऊन तिथल्या हवेत वाजवून बघू दे. आणि लाकडी ओबो एसी गाडीतून काढून लगेच फुंकू नये, हळूहळू हातात गरम करावा, नाहीतर लाकूड तडकतं. सकाळच्या गारव्यात सूर थोडा उतरलेला असतो, तो दहा मिनिटांत जागेवर येतो.

एक सुचवणं, पटलं तर घ्या. हेन्री फ्रान्सिस लाईट, ज्याचे हे शब्द, तो ब्रिक्सहॅम नावाच्या इंग्लंडमधल्या मासेमारी बंदरात पाळक होता आणि १८४७ मध्ये क्षयाने गेला. तुमच्या वेंगुर्ल्याच्या मंडळीत जाळ्यांचा आणि होड्यांचा वास ओळखणारे लोक असतील, पाळकसाहेबांनी एवढं एक वाक्य आधी सांगितलं तर गीत परकं वाटणार नाही. दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमुळे चाल तशी सगळ्यांच्या कानावर आहेच, २०२२ पासून ती तिथे वाजत नाही तरी. आणि आजींना मराठी गीतं जास्त प्रिय असतील तर आधी ना. वा. टिळकांचं एखादं पद घ्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे ते, जन्म १८६१, या चालीच्याच वर्षीचा. फक्त त्यांच्या पदाला हीच पद्धत लावू नका. भजनाच्या वळणाच्या चालीला चार आवाजांचे कॉर्ड चिकटवले की ती आखडते. तिथे पियानोने डाव्या हातात सा-प धरावा, अधूनमधून हलवावा, आणि ओबोला सनईसारखं मोकळं सोडावं. तिथे मींडसुद्धा घेऊ दे.

हक्कांची काळजी विचारली आहे म्हणून: चाल आणि मूळ शब्द दोन्ही केव्हाच मुक्त झालेत. दुसऱ्या कुणाची अलीकडे छापलेली मांडणी उतरवू नका, स्वतः लिहा, म्हणजे प्रश्न नाही.

मंडळी गायला लागली की लय पडणारच, आपल्याकडे प्रत्येक ओळीच्या शेवटी लोक आरामात बसतात. तिच्याशी भांडू नका. डाव्या हाताने बेस ठाम वाजवा आणि ओबोला सांगा की पियानोकडे ऐक, गाणाऱ्यांकडे नको.

शेवटचा सूर. ओबो पियानोच्या आधी थांबला पाहिजे. पियानोचा कॉर्ड विरत जातो आणि ओबो तसाच धरून राहिला तर उघडा पडतो, थोडा जरी सरकला तरी शेवटच्या बाकापर्यंत कळतं. भावाने तीन मात्रांवर हलकेच सोडावा, तुमचा कॉर्ड पेडलखाली राहू दे. पाळकसाहेब प्रार्थनेसाठी उठून उभे राहीपर्यंत पाय उचलू नका.